रस्ता कोणी मागितला?

फुटबॉलचा वर्ल्डकप आला की कोल्हापूरच्या पेठांत दोनच देश उरतात. एका गल्लीत आकाशी-पांढऱ्या पताका, पुढच्या गल्लीत पिवळाधमक रंग. मेस्सीचं कटआऊट उंच की नेमारचं, यावरून पोरं रात्र रात्र जागतात आणि मध्येच एखादा जुना खेळाडू हट्टाने पेलेचा फोटो आणून टांगतो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून तालमींचे सामने बघत वाढलेल्या या गावाला ब्राझील कधी परका वाटलाच नाही. त्यात आपल्या राज्यात दहावीचा भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील यांची तुलना. मी हायस्कूलला भूगोल शिकवते. इतर गावांतल्या शिक्षकांना ब्राझील रंगवून सांगावा लागत असेल. आमच्याकडे पोरंच बाईंना सांगतात.

एकदा फळ्यावर ब्राझीलचा ध्वज काढला होता. निळ्या गोलावरच्या पट्टीत काय लिहिलंय, असं एकाने विचारलं. म्हटलं, 'सुव्यवस्था आणि प्रगती'. तर मागच्या बाकावरून आवाज आला, "भारी की बाई! आपल्याकडं पण हेच पायजे."

पोराचा दोष नाही. तो घरात, कट्ट्यावर, रिक्षात हेच ऐकत असणार. चहाचा दुसरा घोट पोटात गेला की आमच्याकडे कुणीतरी म्हणतंच, "ह्या देशाला पाच वर्षं मिलिटरी रूल पायजे बघा, सगळी सरळ होतील." मग आणीबाणीत गाड्या कशा वेळेवर धावत होत्या, याची उजळणी होते. ती गाडी पकडून कोण कुठे निघालं होतं, हे कुणाला आठवत नाही. गाडी मात्र वेळेवर होती.

ब्राझीलला पाच नाही, एकवीस वर्षं मिळाली. १९६४ ते १९८५. भूगोलाच्या तासाला इतिहासाला चार ओळींपलीकडे जागा नसते, म्हणून ही एकवीस वर्षं मी वर्गाबाहेर, माझ्या हौसेने वाचत गेले. त्यातलं एक वर्ष माझ्या डोक्यातून जात नाही. १९७०.

फुटबॉलवाल्यांसाठी ते वर्ष म्हणजे पेले, जैर्झिन्हो, तोस्ताओ, रिवेलिनो. अंतिम सामन्यात इटलीला ४-१ ने धुतलं आणि शेवटचा गोल कार्लोस अल्बर्टोने असा मारला की आमच्या पेठेतले म्हातारे आजही तो हातवारे करून दाखवतात. तो सामना झाला २१ जूनला. उपांत्य सामना उरुग्वेशी, १७ जूनला. आणि त्याच्या आदल्या दिवशी, १६ जून १९७० रोजी, लष्करी राष्ट्राध्यक्ष जनरल मेदिसी यांच्या सरकारने एक हुकूम काढला. राष्ट्रीय एकात्मीकरण कार्यक्रम. अमेझॉनच्या जंगलातून आरपार महामार्ग काढायचे, त्यांच्या दुतर्फा लोक वसवायचे, देश जोडायचा. अख्खा देश रेडिओला कान लावून बसला होता तेव्हा हे झालं. मुद्दाम साधलेली वेळ होती असं मी म्हणत नाही. पण त्या सरकारला फुटबॉलची किंमत पक्की ठाऊक होती. मेदिसी स्वतः चेंडू उडवतानाचे फोटो छापून आणत. संघ जिंकून आल्यावर घोषणा आली, 'या देशाला आता कुणी रोखू शकत नाही'. दुसरी घोषणा गाड्यांच्या काचांवर चिकटवलेली असायची, 'ब्राझीलवर प्रेम करा, नाहीतर चालते व्हा'. दीड वर्षापूर्वी, डिसेंबर १९६८ मध्ये, पाचव्या संस्थात्मक हुकमाने संसदेला कुलूप लागलं होतं आणि राजकीय कैद्यांना कोर्टाची दारं बंद झाली होती. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत सेन्सॉर बसले होते. अर्थव्यवस्था मात्र त्या काळात वर्षाला दहा टक्क्यांच्या वर वाढत होती. हेही सांगायला हवं, कारण कट्ट्यावरचा माणूस लगेच तेच विचारतो.

महामार्गाचं कारण वरवर पुण्याचं होतं. त्या वर्षी ईशान्य ब्राझीलमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. तिथली जमीन मोजक्या जमीनदारांच्या हातात, बाकीचे कुळं आणि मजूर. जमीनदारांच्या जमिनीला हात लावायचा तर तेच सरकारचे पाठीराखे. मग तोडगा निघाला की गरिबांनाच दुसरीकडे न्यायचं. मेदिसींचं वाक्य प्रसिद्ध आहे: भूमिहीन माणसांसाठी माणसांविना भूमी. वाक्य झकास आहे, लगेच तोंडात बसतं. ऑक्टोबर १९७० मध्ये झिंगू नदीकाठच्या अल्तामिराजवळ ते स्वतः गेले. एक प्रचंड झाड पाडलं गेलं आणि त्याच्या बुंध्यावर फलक लावला. या विराट हिरव्या जगावर विजय मिळवण्याची ही ऐतिहासिक सुरुवात, असं त्यावर कोरलं होतं. पुढे चार हजार किलोमीटर रस्ता झाला, बराचसा कच्चा. लाखभर कुटुंबं वसवायची होती, त्याचा दहावा हिस्साही आली नाहीत. आली त्यातली कित्येक मलेरियाने आणि नापिकीने परतली.

आता 'माणसांविना भूमी'. वर्गात लोकसंख्येच्या वितरणाचा नकाशा भरून घेताना मीही अमेझॉनच्या खोऱ्यात सगळ्यात फिकट रंग भरायला सांगते. आकड्याने ते बरोबरच आहे. दर चौरस किलोमीटरला एक माणूस भरला नाही की तो प्रदेश विरळ. पण फिकट म्हणजे रिकामा नव्हे. त्या रस्त्याच्या आखणीत पाराकना, अरारा, असुरिनी अशा लोकांची शिकारीची रानं, नदीकाठ, मळे आणि दफनाच्या जागा येत होत्या. अरारांच्या तर भूमीतूनच रस्ता गेला. यंत्रांचा आवाज आला की ते आत सरकायचे, आणखी आवाज आला की आणखी आत. सरकारशी त्यांचा पहिला शांततेचा संबंध आला १९८१ मध्ये, म्हणजे रस्ता होऊन गेल्यावर दहा वर्षांनी.

बंदुकीपेक्षा सर्दी-पडशाने जास्त माणसं मेली. फ्लू, गोवर यांच्याविरुद्ध या लोकांच्या अंगात काही प्रतिकारच नव्हता. दुसऱ्या एका महामार्गाने पनारा नावाच्या लोकांना गाठलं. १९७३ मध्ये त्यांच्याशी पहिला संपर्क केला तो विल्लास-बोआस बंधूंनी, आणि ही माणसं वाईट नव्हती. उलट आदिवासींसाठी झिंगूचं राखीव क्षेत्र व्हावं म्हणून आयुष्य वेचलेली. रस्ता येणारच आहे, निदान आपण आधी पोचू, असा त्यांचा हिशेब. दोन वर्षांत पनारांची गावंच्या गावं ओस पडली. १९७५ मध्ये उरलेल्यांना विमानात घालून झिंगूत नेलं तेव्हा ते ७९ होते. वीस-बावीस वर्षं परक्या रानात काढून ते आपल्या भूमीतल्या शाबूत राहिलेल्या जंगलात परतले, आणि पुढे कोर्टाने सरकारला भरपाईही द्यायला लावली. एवढं सगळं व्हायला हुकूमशाही जावी लागली.

वाइमिरी-अत्रोआरींची गोष्ट याहून काळी आहे. मनाउस ते बोआ विस्ता हा महामार्ग त्यांच्या मधोमध जाणार होता. या लोकांनी विरोध केला, बाण चालवले, १९६८ मध्ये बोलणी करायला आलेल्या एका पाद्र्याची तुकडी मारली. हेही खरंच आहे, ते लपवून गोष्ट गोड करण्यात अर्थ नाही. मग रस्त्याचं काम लष्कराच्या अभियंता तुकडीकडे गेलं. १९७४ च्या नोव्हेंबरात त्या तुकडीच्या जनरलने काढलेलं एक गोपनीय पत्र पुढे उजेडात आलं. आदिवासी कामाच्या जागी फिरकले तर त्यांना मशीनगनची फैर, हातबॉम्ब आणि सुरुंगाचा परिणाम 'दाखवावा', अशी सूचना त्यात आहे. सरकारी भाषेत हे 'शक्तीचं छोटंसं प्रात्यक्षिक'. १९७२ च्या सुमारास हे लोक तीन हजार होते असा अंदाज आहे. १९८३ मध्ये मोजले तेव्हा ३३२.

त्यानंतर दोन वर्षांनी एजिदिओ श्वादे आणि दोरोती हे जोडपं या लोकांच्या यावारा नावाच्या गावात मुलाबाळांसह राहायला गेलं. लिहा-वाचायला शिकवायला. शिकणारे सगळ्या वयाचे. अक्षरांच्या आधी चित्रं. मी पंचवीस वर्षं पोरांची चित्रं बघतेय. पावसाळ्यात छत्री, मेमध्ये आंबा, पुराच्या वर्षी बोट. या लोकांनी काढली हेलिकॉप्टरं. झाडांवरून जाणारं विमान, त्यातून खाली पडणाऱ्या वस्तू, झोपडीभोवती आडवी पडलेली माणसं, कडेला टोपीवाले. आणि चित्राच्या बाजूला नुकत्याच शिकलेल्या अक्षरांत प्रश्न: गोऱ्यांनी आमची माणसं का मारली? एकाने विचारलं तसं दुसऱ्याने. वरून काय टाकलं? ती माणसं का मेली? १९८६ संपता संपता सरकारी आदिवासी खात्याने या शिक्षकांना गावातून बाहेर काढलं.

हे सगळं मी माझ्या नवऱ्याला सांगत होते तर तो म्हणाला, "बंदूक हातात असलेला माणूस बंदूकच चालवणार, त्यात नवल ते काय?" नवल दुसरंच आहे. त्या राजवटीत आदिवासींसाठी कायदा होता, खातं होतं, साहेब होते, शिक्के होते. १९१० साली स्थापन झालेलं संरक्षण खातं इतकं किडलं होतं की १९६७ मध्ये जादेर फिगेरेदो नावाच्या सरकारी वकिलाने सात हजार पानांचा अहवाल दिला. त्यात छळ, गुलामी, जमिनी बळकावणं, सगळं नोंदलं होतं. खातं बरखास्त झालं, 'फुनाई' हे नवं खातं आलं. अहवाल मात्र आगीत जळाला अशी समजूत झाली आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो कुणाला दिसला नाही. शेवटी रिओच्या एका सरकारी संग्रहालयात खोक्यांमध्ये सापडला. नवं खातं देशांतर्गत प्रदेशांचा विकास बघणाऱ्या मंत्रालयाखाली होतं आणि तेच मंत्रालय रस्ते-वसाहतींच्याही मागे होतं. म्हणजे ज्याने घर पाडायचं त्याच्याच हातात घराची किल्ली.

आणि आदिवासींना कोर्टात जायची सोय नव्हती. ब्राझीलच्या १९१६ च्या नागरी कायद्यात अपुऱ्या कुवतीच्या माणसांची एक यादी होती: सोळा ते एकवीस वर्षांची मुलं, उधळे लोक, लग्न झालेल्या बायका आणि रानात राहणारे. बायकांचं नाव १९६२ मध्ये निघालं. रानातल्यांचं राहिलं. १९७३ च्या आदिवासी कायद्याने त्यांना 'क्रमाक्रमाने आणि सलोख्याने' राष्ट्रात मिसळून घ्यायचं ठरवलं, पण तोवर पालक सरकार. लग्न झालेली बाई म्हणून मला या यादीचा जरा जास्तच राग येतो. उधळ्यांच्या शेजारी बसवलं होतं आम्हाला.

पालक म्हटल्यावर शिक्षाही आली. १९६९ मध्ये मिनास जेराइस राज्यात, क्रेनाक लोकांच्या भूमीवर, आदिवासींसाठी एक 'सुधारगृह' उघडलं. चालवणारे लष्करी पोलीस. कुठल्याही कोर्टाच्या निकालाशिवाय, देशभरातल्या वेगवेगळ्या जमातींची माणसं तिथे आणून टाकली जात. गुन्हे काय? दारू प्यायला. साहेबाशी भांडला. परवानगीशिवाय वस्ती सोडून गेला. रिकामटेकडा फिरत होता. आत आपल्या भाषेत बोललं तरी मार. त्याच वर्षी आदिवासी तरुणांचंच एक ग्रामीण रक्षक दल उभं केलं आणि फेब्रुवारी १९७० मध्ये बेलो ओरिझोन्ते शहरात त्याचं संचलन झालं. मंत्री आले, राज्यपाल आले, बँड वाजला. खाकी कपड्यातले आदिवासी जवान प्रात्यक्षिकं दाखवत पुढे गेले. त्यात एक प्रात्यक्षिक असं: आडव्या काठीला गुडघ्यातून आणि मनगटांतून बांधलेला माणूस उलटा लोंबकळतोय, आणि दोघांनी काठी खांद्यावर घेतलीय. राजकीय कैद्यांवर तळघरांत चालणारा हा छळाचा प्रकार भर रस्त्यात, दिवसाढवळ्या चालत गेला. त्याची फिल्म २०१२ मध्ये उजेडात आली. प्रेक्षकांत टाळ्या वाजवणारे लोक दिसतात.

हे वाचताना कोल्हापूरच्या माणसाला हजेरी आठवल्याशिवाय राहत नाही. परवानगीशिवाय वस्ती सोडणं हा गुन्हा, रिकामं फिरणं हा गुन्हा, हे आपल्याकडे शंभर वर्षं आधी होऊन गेलं होतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मानेच गुन्हेगार. चावडीवर जाऊन नाव सांगायचं, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर इथे काटेरी तारांच्या आत वसाहती होत्या आणि त्यांचाही उद्देश माणसं 'सुधारणं' हाच होता.

करवीर संस्थानात ही हजेरी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी जवळ केलं, पहाऱ्यावर नेमलं, राहायला जागा दिली. ज्यांना चोर म्हणून हाकलायचं त्यांच्याच हातात किल्ल्या, ही गोष्ट आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं आणि अभिमानाने सांगतं. मीही सांगते. पण त्या अभिमानाला एक बारीकशी ठेच लागते, आणि ती लागू द्यावी असं मला वाटतं. महाराज काही निवडून आलेले नव्हते. त्यांचा शब्द हाच कायदा. म्हणजे कट्ट्यावरचा माणूस म्हणेल, बघा, एकहाती सत्ता होती म्हणून तर झालं! त्याला उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला. उत्तर एवढंच आहे की हजेरी थांबली ती संस्थानाच्या हद्दीपुरती आणि एका माणसाच्या मनातून. ते मन मे १९२२ मध्ये गेलं. हद्दीच्या पलीकडे सोलापूरच्या तारा तशाच होत्या. त्या निघायला १९५२ चा ऑगस्ट उजाडला, आणि त्यासाठी संसद लागली. तरीसुद्धा पोलिसांच्या वहीतून पारध्यांचं नाव आजही पुरतं निघालेलं नाही. गावात चोरी झाली की आधी पालावर जीप जाते. म्हणजे भला राजाही पुरत नाही आणि नुसती संसदही पुरत नाही. मग काय पुरतं, याचं बरंवाईट उत्तर मला राधानगरीच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावर मिळालं.

मुलांची क्षेत्रभेट ठरवायला आम्ही दोघी शिक्षिका आधी पाहणी करायला गेलो होतो. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ सालचं, राज्यातलं सगळ्यात जुन्यांपैकी. गव्यांसाठी प्रसिद्ध. या डोंगरांत गवळी धनगरांचे वाडे आहेत, म्हशी राखणारे, नाचणी-वरी करणारे. सरकारच्या यादीत ते आदिवासी नाहीत, भटक्या जमातींत आहेत. तो वाद इथे काढत नाही. सांगायचं ते रस्त्याचं. गाडी खाली सोडून पायवाटेने चढत गेलो, वर पोचेपर्यंत माझा जीव तोंडाशी. एका मावशींनी तांब्या भरून ताक दिलं. आढ्याला एक लांब बांबू अडकवलेला होता, मधोमध दोरीने घासून गुळगुळीत झालेला. मी विचारलं, हा कशाला? म्हणाल्या, "झोळीचा. घोंगड्याची झोळी बांधायची नि आजारी मानूस न्याचं खाली. सूनबाईला बी त्याच्यातनंच न्हेली. पोरगं वाटंतच झालं."

मला वाटलं होतं, आता रस्त्यासाठी तळमळून बोलतील. बोलल्याच. "रस्ता पायजेच की वो बाई. न्हाईतर मरायचंच हितं." मग हात लांब करून समोरचा एक उघडा माळ दाखवला. "पर त्यो माळ सोडून न्याला सांगा. उन्हाळ्यात म्हशी तितंच बसत्यात, वारं लागतं. तितनं गाड्या सुरू झाल्या म्हंजे म्हशी आटल्या. खालच्या अंगानं न्या. दोन वळणं जास्त घ्या म्हनावं."

आम्ही काय सांगणार आणि कुणाला? सर्व्हे होऊन गेला होता. सर्व्हेवाले आले तेव्हा बायका रानात होत्या, पुरुष बाजाराला. कागदावर रेघ माळावरूनच गेलेली, कारण माळावरून ती सरळ जाते.

ब्राझीलचं इतकं वाचून माझ्या मनात रस्त्याबद्दल अढी बसत चालली होती. ती त्या तांब्याभर ताकाबरोबर उतरली. रस्ता नको म्हणणारे शहरात राहणारे असतात, ज्यांच्या दाराशी रिक्षा येते. रस्ता मागणारीचा रस्ता आणि रस्त्याला आडवी येणारीचा रस्ता यांत डांबर सारखंच असतं, खडीही तीच. पाराकनांनी रस्ता मागितला नव्हता. मावशींनी मागितला होता, आणि माळ सोडा इतकंच वर म्हटलं होतं. आपल्याकडे ते ऐकायची जागा निदान कागदावर आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभा आहे. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो, पण म्हाताऱ्या माणसाची साक्षही पुरावा म्हणून चालते. दाव्यांच्या फाइली कपाटांत धूळ खात पडतात हेही मला माहीत आहे. तरी भांडायला एक पत्ता आहे. बेलो ओरिझोन्तेच्या रस्त्यावर टाळ्या वाजत होत्या तेव्हा त्या काठीवरच्या माणसाला असा पत्ता नव्हता.

मारिओ जुरुनाने तो पत्ता जवळजवळ एकट्याने तयार केला, म्हणून तो मला फार आवडतो. शावान्ते जमातीचा. सत्तरच्या दशकात तो राजधानी ब्राझिलियात साहेबांच्या दारात जायचा तेव्हा बगलेत एक टेपरेकॉर्डर असायचा. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात मोजणी करू. जुरुनाचं बटण दाबलेलं. पुढच्या महिन्यात साहेब म्हणाले, मी असं कधी म्हटलं? जुरुना टेप लावायचा. गोऱ्या माणसाचा शब्द टिकत नाही म्हणून यंत्र, इतका साधा हिशेब. आपल्याकडे कलेक्टर कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुणालाही हा माणूस सख्खा वाटावा. १९८० मध्ये हॉलंडमधल्या रॉटरडॅमला आदिवासींच्या हक्कांवर लोकन्यायालय भरलं, त्याला बोलावणं आलं, तर खात्याने पासपोर्ट अडवला. तू आमचा पाल्य, पालकाची परवानगी नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने पासपोर्ट द्यायला लावला. १९८२ मध्ये लष्करशाही अजून खुर्चीत असतानाच तो रिओ दे जानेरोमधून खासदार झाला, देशाचा पहिला आदिवासी खासदार. शहरातल्या लोकांनी त्याला मतं दिली. पुढच्या निवडणुकीत पाडलं, ते सोडा.

त्यानंतर पाच वर्षांनी, सप्टेंबर १९८७ मध्ये, नवी राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत ऐल्तोन क्रेनाक बोलायला उभा राहिला. ज्यांच्या भूमीवर ते सुधारगृह होतं त्याच क्रेनाकांपैकी. पांढरा सूट. बोलता बोलता त्याने जेनिपापो या फळाचा काळा रंग बोटांवर घेतला आणि चेहऱ्याला लावत गेला. कपाळ, गाल, हनुवटी. आवाज चढवला नाही. सभागृह थबकलं. १९८८ च्या घटनेत कलम २३१ आलं: त्यांची समाजरचना, चालीरीती, भाषा आणि त्यांनी परंपरेने वसवलेल्या भूमीवरचा त्यांचा मूळचा हक्क मान्य. मिसळून घ्यायची भाषा घटनेतून गेली.

डिसेंबर २०१४ मध्ये सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला. हुकूमशाहीने मारलेल्या आणि गायब केलेल्यांची नावानिशी यादी त्यात आहे, ४३४ जणांची. विद्यार्थी, पत्रकार, कामगार नेते, गनिमी लढवय्ये. वेगळ्या प्रकरणात आदिवासींचा आकडा आहे: १९४६ ते १९८८ या काळात सरकारच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे मेलेले किमान ८३५०, तेही फक्त दहा जमातींचा अभ्यास करून. तो आकडा ४३४ मध्ये मिळवलेला नाही. त्या दोन आकड्यांमधलं अंतर बघत मी एकदा बराच वेळ बसले होते. एप्रिल २०२४ मध्ये सरकारी क्षमा आयोगाच्या अध्यक्षबाईंनी क्रेनाकांच्या वृद्ध नेत्या स्त्रीपुढे गुडघे टेकून राष्ट्राच्या वतीने माफी मागितली.

आणि वाइमिरी-अत्रोआरी? ते आता दोन हजारांच्या वर गेले आहेत. त्यांच्यातून जाणाऱ्या महामार्गावर संध्याकाळी सहा वाजता साखळी लागते, सकाळी सहाला निघते. रुग्णवाहिका, बसगाड्या अशांना सोडतात, बाकीच्यांनी थांबायचं, म्हणजे रात्री रस्त्यावर जनावरं मरत नाहीत आणि वस्त्यांना झोप लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या एका आमदाराने कॅमेऱ्यासमोर ती साखळी यंत्राने कापली. रस्ता सगळ्यांचा आहे, असं त्याचं म्हणणं. हा आमदार लोकांनी निवडून दिलेला होता.

त्याच रस्त्याच्या कडेने रोराइमा राज्याला वीज न्यायची होती. २०११ मध्ये कंत्राट निघालं आणि या लोकांशी भरपाईचा करार व्हायला २०२२ उजाडलं. तोवर तिकडेही ओरड झालीच की मूठभरांपायी अख्खं राज्य अंधारात. ओरड खोटी नव्हती, रोराइमात दिवे जात होते, डिझेल जाळून वीज करावी लागत होती. दहा-अकरा वर्षं थांबावं लागलं, आणि मला विचाराल तर ते बरोबरच झालं.